माहेरचं नाव

“अनाया नको. आपल्या बिल्डिंगमध्येच दोन अनाया आहेत,” शाल्मली म्हणाली आणि मोबाइलवरचा अंगठा पुढे सरकला. “कियारा नको. मायरा तर नकोच नको, प्रत्येक डेकेअरमध्ये एक असतेच.”

ती बाथरूमच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. आत रत्नाबाई पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या नडग्यांवर शाल्मलीची नवजात मुलगी पालथी पडून कोमट पाणी अंगावर घेत होती. शाल्मलीच्या आई, सुचेताताई, बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. त्या टॉवेल पसरून तयारीत उभ्या होत्या. बारसं पुढच्या आठवड्यावर आलं होतं आणि मुलीला अजून नाव नव्हतं.

शाल्मलीला असं नाव हवं होतं की जे मराठी असेल, सुटसुटीत असेल, अर्थ चांगला असेल आणि जगात दुसऱ्या कुणाचं नसेल. सुचेताताईंचं म्हणणं असं की, असं नाव नसतं. असलंच तर ते लोकांनी टाकून दिलेलं असतं आणि टाकायला काहीतरी कारण असतं. हा वाद रोज आंघोळीच्या वेळी रंगायचा. शाल्मलीचा नवरा मल्हार लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसायचा आणि “तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल,” असं तिथूनच ओरडायचा. शहाणा माणूस.

रत्नाबाई वादात पडत नसत. बाळांना न्हाऊ घालायचं आणि बाळंतिणींना तेल लावायचं हे काम त्या नवरा गेल्यापासून करत आल्या होत्या. आधी चामराजपेटेतल्या आपल्याच लोकांत आणि आता जे. पी. नगरकडच्या या उंच उंच इमारतींत. बेंगळुरात मराठी बोलणारी, बाळाला न्हाऊ घालणारी बाई मिळणं म्हणजे पुण्याच्या लोकांना लॉटरीच वाटायची, त्यामुळे त्यांचा नंबर या फ्लॅटमधून त्या फ्लॅटमध्ये जायचा. रत्नाबाईंच्या मराठीला जवळजवळ चारशे वर्षांची कन्नडची फोडणी होती. ‘स्वल्प थांबा’ किंवा ‘बरं’च्या जागी ‘सरी’ असं त्या म्हणाल्या की शाल्मलीला मौज वाटे. “तुमचं मराठी किती क्यूट आहे,” असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर घोड्यावर बसून आले, असं घराण्यात सांगत. वंशज आता गुडघे धरून बसमध्ये चढत होते.

“रत्नाबाई, तुमच्याकडे जुनी नावं असतील ना? आजीबिजीची?” शाल्मलीने विचारलं.

त्या दिवशी रत्नाबाई फार दमल्या होत्या. एरवी त्या “आमची कसली नावं, ताई,” म्हणून गप्प बसल्या असत्या. पण माणूस थकला की तोंडावरचा ताबा सुटतो. त्यांनी बाळाच्या मानेवरचं डाळीचं पीठ हलक्या हाताने धुतलं आणि म्हणाल्या, “सकवार ठेवा.”

“काय?”

“सकवार. नाजूक, कोवळी, असा अर्थ म्हणायचे आमच्यात.”

“अगं, महाराजांच्या एका राणीचं नाव होतं ते,” सुचेताताई म्हणाल्या. “सकवारबाई. इतिहासात वाचलेलं. पण नंतर कुणी ठेवलेलं ऐकलं नाही बाई.”

शाल्मलीने ते लगेच ॲपमध्ये घातलं आणि तिचा चेहरा उजळला. “अतिशय दुर्मिळ! यादीत नंबरच नाहीये याला! थांब, स्वभाव पण दिलाय. ‘या नावाच्या व्यक्ती स्वतंत्र वृत्तीच्या असतात. कुणाला विचारून निर्णय घेत नाहीत. प्रवासाची अतिशय आवड. नेतृत्वगुण जन्मजात. आयुष्यात मानसन्मान आणि ऐषआराम.’ शुभ रंग पोपटी.”

रत्नाबाईंना हसू आलं. त्यांचा लांबात लांबचा प्रवास तिरुपतीचा होता, तोही कुणाच्या तरी नवसाला सोबत म्हणून. पोपटी साडी त्यांना कुणी घेऊ दिली नव्हती आणि ऐषआराम म्हणाल तर रविवारी काम नसे. ॲप लिहिणाऱ्याने एकदा चामराजपेटेत येऊन जायला हवं होतं.

“कुणाचं होतं हो हे नाव? तुमच्या घरात?” सुचेताताईंनी विचारलं.

“होती एक.”

“सुखी होती ना? नाही, राग मानू नका. नाव ठेवायच्या आधी विचारलेलं बरं.”

रत्नाबाईंनी बाळाला उताणं केलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. “लाडकी होती,” त्या म्हणाल्या. “भावाची.”

शाल्मली हाक मारून बघत होती. वेगवेगळ्या आवाजांत, शाळेतून आणताना मारायची तशी, रागावून मारायची तशी. “सकवार! ए सकवार, इकडे ये!” रत्नाबाईंची मान चटकन वर झाली. ‘ओ’ अगदी ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली आणि तांब्या बाळाऐवजी स्वतःच्याच मांडीवर रिकामा केला. डोळे भरून आले होते, पण बाथरूममध्ये सगळंच ओलं असतं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्नात नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि साखर वाटायची. सासरी सुनांना रत्नांची नावं ठेवायचा रिवाज होता. थोरली मोतीबाई, मधली माणकाबाई, धाकटी रत्नाबाई. घरात पितळेचाही दागिना नव्हता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते या घराला पाहूनच सुचलं असावं. जुनं नाव सासरच्या उंबऱ्याच्या आत उच्चारलं तर नवऱ्याला जड जातं, असं सासूने पहिल्याच दिवशी बजावलं. कुणीही उच्चारलं नाही. नवरा तरीही ऐन उमेदीत गेलाच.

फक्त भावाने, विठोजीअण्णाने, ते नाव सोडलं नाही. आई लवकर गेल्यामुळे बहिणीला त्यानेच वाढवलेलं. आनेकलच्या स्टँडजवळ त्याचं सायकलींचं दुकान होतं. चारचौघांत तोही ‘रत्ना’ म्हणायचा, मेहुण्याच्या जिवावर कशाला उठा म्हणून. पण दोघंच असली, की सकवार. पुढे मोबाइल आल्यावर रोज फोनवर सकवार. मेहुणा गेल्यानंतर तो एकदा म्हणालाही होता, “आता कुणाची भीती? घे की नाव परत.” रत्नाबाई म्हणाल्या होत्या, “आता आधारकार्डावर रत्ना आहे. आणि हाक मारायला कोण आहे तुझ्याशिवाय?” अभिराजला, त्यांच्या पोटच्या मुलालासुद्धा, हे नाव ठाऊक नव्हतं. विषयच कधी निघाला नाही.

आणि आता अण्णाला जाऊन महिना होत आला होता.

तो गेला याचं दुःख होतंच. पण वय झालं होतं, अर्धांगाचा झटका मोठा होता, डोळ्यांनीही जवळजवळ दिसेनासं झालं होतं. टोचत होतं ते दुसरंच. झटका आल्यावर रत्नाबाई एकदा जाऊन बघून आल्या, तेव्हा तो बेशुद्ध होता. नंतर दवाखान्यातून घरी आणला, म्हणून त्या रोज फोन करत. “येऊ का रे?” आणि अण्णाचा मुलगा रघुनंदन रोज आत्याला सांगे, “बेडा अत्ते, येऊ नको. डॉक्टर म्हणाले, कुणाला सोडू नका. इन्फेक्शन होतं.” त्या थांबल्या. मग एक दिवस थेट गेल्याचाच फोन आला. दहाव्याला त्यांनी रघूला बाजूला घेऊन विचारलं होतं, शेवटी काही म्हणाला का माझ्याबद्दल? रघूने मान फिरवली होती. “नाही अत्ते. शुद्धच नव्हती.”

ज्याने आईच्या जागी राहून वाढवलं, त्याने जाताना आपली साधी चौकशीही केली नाही. हा विचार रत्नाबाईंच्या डोक्यातून जात नव्हता. कुणाच्या बाळाला पाणी घालताना, बसमध्ये दांडी धरून उभं असताना, तो अचानक वर यायचा. स्वतःचाही राग यायचा. भावाच्या दारात जायला बहिणीला परवानगी कशाला लागते? कुणी सांगितलं होतं एवढं शहाण्यासारखं वागायला?

रविवारी अण्णाचं मासिक श्राद्ध होतं. रत्नाबाई सकाळी मार्केटहून आनेकलची बस धरून निघाल्या. बोम्मसंद्र मागे पडेपर्यंत उभ्याच होत्या, चंदापूरला जागा मिळाली. रघूला आज पुन्हा विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं काय ते सांग म्हणायचं. अण्णा माझ्यावर रागावला होता का? काही चुकलं होतं का माझं? उत्तर वाईट असलं तरी चालेल, पण मान फिरवू नको म्हणायचं.

घरी गेल्यावर हे काही जमलं नाही. भटजी आले होते, शेजारपाजारचे होते, रघू धोतर सांभाळत इकडून तिकडे करत होता. अत्तेच्या पाया पडला, पण नजर काही वर केली नाही. जेवणं झाली, पाहुणे गेले. रघू बाहेरच्या खोलीत चटईवर आडवा झाला. मागच्या दारी नळाखाली भांड्यांचा ढीग पडला होता आणि रघूची बायको रम्या ती घासायला बसली होती.

“दे, मी विसळते,” म्हणून रत्नाबाई तिच्यासमोर बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांनी ती ऐकली नाही.

“तुम्ही बसा की अत्ते स्वल्प. तिकडंपण कामच करता,” रम्या म्हणाली. “कसं आहे नवीन घर? पुण्याचे लोक ना?”

“बरे आहेत. बोलतात फार,” रत्नाबाई म्हणाल्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी नावाची गंमत सांगितली. मोबाइलमध्ये बघून मुलीचं नाव शोधतात, कुणाचंच नसेल असं हवं म्हणतात. “शेवटी मीच सांगितलं एक. त्यांना इतकं आवडलं, की मोबाइलमध्ये तिचं भविष्य काढून बसले.”

“कुठलं नाव?”

“सकवार.”

रम्याच्या हातातलं पातेलं खाली पडलं नाही, पण घासायचं थांबलं. तिने आधी मागे वळून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, “तुम्ही ओळखता तिला?”

“कुणाला?”

“तिला. त्या बाईला.” रम्या पुढे सरकली. “अत्ते, ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला ठाऊक असणार. कोण होती ती? मामंजींचं… तिच्याशी काय होतं?”

रत्नाबाईंना काहीच समजलं नाही. रम्याला मात्र त्या सांगायचं टाळताहेत असं वाटलं असावं, कारण ती घाईघाईने सांगू लागली.

“दवाखान्यातून आणलं ना, दोन दिवसांनी शुद्ध आली. बोलायला पण लागले, तोंड वाकडं होतं तरी कळायचं. आणि एकच. सकवारला बोलवा. सकवार आली का? अय्यो, सकाळपासून तेच. पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. मग ह्यांनी इकडं तिकडं विचारलं, आपल्यात कुणी आहे काय या नावाचं? कुणीच नाही. तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं, की कुणी तरी बाई असणार. जुनी. दुकानाच्या वेळची. माझ्या अप्पांनी आयुष्यभर लपवलं आणि आता तोंडातून जातंय, म्हणाले. फार लागलं ह्यांना. दोन दिवस जेवले नाहीत.”

“मग?”

“मग ह्यांनी दार बंद केलं. कुणालाच आत घेतलं नाही. लोकांनी ऐकलं तर म्हाताऱ्याची अब्रू जाईल म्हणाले. तुमचा फोन आला की सांगायचे, डॉक्टर नको म्हणतात. मी म्हटलं, निदान अत्तेंना तरी येऊ द्या. तर म्हणाले, भावाची लाज बहिणीसमोर कशाला?”

नळ तसाच चालू होता. रत्नाबाईंनी हात लांब करून तो बंद केला. त्यांना वाटलं, आता आपण ओरडू. बाहेर जाऊन त्या झोपलेल्या पोराला गदागदा हलवू, दोन थोबाडीत देऊ. पण अंगात तेवढं बळ नव्हतं आणि मनात त्याच वेळी दुसरंही काहीतरी भरून येत होतं. त्याने बोलावलं होतं. सकाळपासून, दिवसभर, वाकड्या तोंडाने बोलावलं होतं.

“अजून एक आहे,” रम्या म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. “ते ह्यांनापण माहीत नाही. शेवटच्या दिवशी फार तळमळत होते. मला बघवेना. मी ह्यांना औषधाला पाठवलं आणि जवळ बसले. डोळ्यांनी दिसत नव्हतंच त्यांना. मी म्हटलं, ‘आले मी. सकवार आले.’ पाप लागेल काय अत्ते?”

“काय म्हणाला तो?” रत्नाबाईंनी विचारलं.

“हात धरला घट्ट. म्हणाले, ‘एवढा उशीर? बस नाही मिळाली का गं?’ मी म्हटलं, नाही मिळाली. तर म्हणाले, ‘बस आता. दमली असशील.’ मग काही नाही. शांत झाले, झोपले. हात सोडला नाही. संध्याकाळी तसेच गेले.”

रत्नाबाई रडल्या. आवाज न करता रडायची त्यांना सवय होती, पण या वेळी आवाज झाला. बाहेरून रघू धावत आला. दारात बायकोचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं आणि तो तिच्यावर खेकसला, “सांगितलंस? तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?”

“तिला बोलू नको,” रत्नाबाई म्हणाल्या. “इकडं ये. बस इथं.”

तो उंबऱ्यावर बसला.

“तुझ्या बापाचं कुठं काही नव्हतं रे. देवासारखा माणूस होता. सकवार म्हणजे मी.”

लग्नातलं ताट, तांदूळ, सासूने दिलेली ताकीद, हे सगळं रत्नाबाईंनी थोडक्यात सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. आयुष्यभर एवढं जपलं ते सांगून संपायला चहाइतकाही वेळ लागला नाही. ऐकता ऐकता रघूने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“मला वाटलं अत्ते… मी बापाबद्दल काय काय… आणि तू रोज फोन करत होतीस. येऊ का म्हणत होतीस.”

“हो.”

“आणि मी नको म्हणत होतो.”

“तुला कुठं ठाऊक होतं?” त्या म्हणाल्या. मग खरं तेच बोलावं म्हणून म्हणाल्या, “तुझा फार राग आलाय मला. आणखी बरेच दिवस येईल. पण चूक तुझ्या एकट्याची नाही. आम्हीच दोघांनी लपवून ठेवलं. ज्याच्यासाठी लपवलं तो कधीच गेला, तरी आपलं लपवतच बसलो.”

रघूला काय करावं कळेना. तो उठला, परत बसला, अत्तेच्या पायांना हात लावायला वाकला आणि पाय ओले बघून तिथेच थांबला. “मग आता आम्ही काय म्हणायचं तुला?” त्याने लहान मुलासारखं विचारलं.

“अत्तेच म्हण. आता काय बदलतोस?”

तो डोळे पुसत आत गेला. आत अण्णाचा हार घातलेला फोटो होता. त्याच्यासमोर तो उभा राहिल्याचं इथून दिसत होतं. दोघी मागच्या दारी उरल्या. अर्धी भांडी राखेत होती, अर्धी विसळायची होती. रम्याने काहीतरी करायला हवं म्हणून पुन्हा घासणी उचलली.

“कुठला हात धरला होता?” रत्नाबाईंनी विचारलं.

“हां?”

“अण्णाने. तुझा कुठला हात?”

रम्याला क्षणभर आठवावं लागलं. खाटेच्या कुठल्या बाजूला बसले होते, असा तिने मनात हिशेब केला. मग घासणी खाली ठेवून तिने उजवा हात पुढे केला. कोपरापर्यंत राख होती.

“थांबा, धुते स्वल्प,” ती म्हणाली.

“असू दे,” म्हणत रत्नाबाईंनी तो तसाच आपल्या दोन्ही हातांत धरला.